कागद पास, माल नापास : विमानातल्या चुकीच्या धातूची ऐंशी वर्षांची गोष्ट

परवा रात्री आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. "ड्रीमलायनरमध्ये नकली टायटॅनियम! अहमदाबादचं खरं कारण दाबलं!!" खाली जास्तीत जास्त शेअर करा वगैरे नेहमीचं. तासाभरात सात जणांनी तोच मेसेज मला पाठवला. "सर, हे खरं आहे का?"

पत्रकारितेत वीस वर्षं काढली की लोकांना वाटतं, याला सगळं माहीत असतं. तसं काही नसतं. पण हा विषय मी गेली काही वर्षं वाचतोय. त्यामुळं एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी थेट उत्तर. ड्रीमलायनरच्या काही सुट्या भागांत चुकीचं टायटॅनियम सापडलं, हे खरं आहे. त्याचा १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेशी संबंध आहे, असं दाखवणारा एकही पुरावा समोर आलेला नाही. तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाल्याची नोंद आहे, टायटॅनियमचा विषय नाही. त्या विमानातल्या कर्मचाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातली मुलं-मुली होती. त्यांच्या घरच्यांच्या मोबाईलवरही हे फॉरवर्ड पोचतात, एवढं तरी ध्यानात ठेवा.

म्हणजे फॉरवर्डचं अर्धं वाक्य खरं आणि अर्धं खोटं. पण खऱ्या अर्ध्या वाक्यामागं ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या गावापर्यंत येऊन पोचतो. कसा, ते शेवटी सांगतो.

ठिणगी खोटं बोलत न्हाई

माझे मामा शिरोली एमआयडीसीत टर्नर होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो. शॉपमध्ये एका कोपऱ्यात सळ्या उभ्या असायच्या. सगळ्या सारख्याच. काळपट, गोल, तेलकट. मी एकदा विचारलं, "मामा, यातली कुठली कसली हे कळतं कसं?"

मामांनी एक सळी उचलली आणि ग्राइंडरवर धरली. लांब, सरळ, पिवळसर ठिणग्या उडाल्या. "ह्ये एमएस." मग दुसरी धरली. ठिणग्या पुढं जाऊन फुटल्या, फुलबाजीसारख्या. "ह्यात कार्बन जास्त. ह्ये कडक." मी म्हटलं, "पण सळीवर रंग मारलाय की, आणि सर्टिफिकेट पण येतं म्हणता." मामा हसले. "आरं, कागद काय बी बोलतंय. रंग कोण बी मारतंय. ठिणगी खोटं बोलत न्हाई."

धातूची मूळ अडचण हीच आहे. कांदा सडला तर वास येतो. दूध नासलं तर फाटतं. चुकीचा धातू मात्र बरोबर धातूसारखाच दिसतो. वजन जवळपास तेच, चकाकी तीच, माप तर अगदी काटेकोर. त्याला नापास करतो तो फक्त ताण, आणि तोही कधीकधी हजारो फेऱ्यांनंतर.

म्हणून माणसानं कागद आणला. कुठल्या भट्टीतला माल, त्यात काय मिसळलंय, तो किती ताणाला तुटला, कुणी तपासला, हे सगळं लिहिलेलं सर्टिफिकेट मालासोबत फिरतं. विमानात लाखो सुटे भाग असतात आणि ते डझनभर देशांतून येतात. प्रत्येक जण पुन्हा सगळं तपासत बसला तर विमान कधी उडायचंच नाही. त्यामुळं प्रत्येक जण आधीच्या माणसाच्या सहीवर विश्वास ठेवतो. ही सहीची साखळी जिथं तुटली, तिथं काय झालं, ते बघू.

१९४३ : युद्ध, घाई आणि शिक्के

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. अमेरिकेत ओहायो राज्यात, सिनसिनाटीजवळ लॉकलंड इथं राइट एरोनॉटिकल कंपनीचा विमान इंजिनांचा प्रचंड कारखाना होता. सरकारला इंजिनं हवी होती, आणि कालच हवी होती.

युद्धखर्चावर नजर ठेवायला अमेरिकी सिनेटनं एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन, जे पुढं राष्ट्राध्यक्ष झाले. १९४३ मध्ये या समितीनं लॉकलंडच्या कारखान्याबद्दल जे मांडलं, त्यानं देश हादरला. सदोष माल पास केला जात होता. तपासणीच्या नोंदी खोट्या होत्या, काही नष्ट केल्या होत्या. नको म्हणणाऱ्या तपासनिसांवर दबाव येत होता. पुढच्या वर्षी लष्कराच्या तीन अधिकाऱ्यांना कर्तव्यात कसूर केल्याबद्दल लष्करी न्यायालयानं दोषी ठरवलं.

आर्थर मिलरच्या 'ऑल माय सन्स' या १९४७ च्या नाटकामागं हीच पार्श्वभूमी होती. त्यात एक कारखानदार तडा गेलेली सिलिंडर हेड्स झाकून पाठवतो. नाटक काल्पनिक, पण लोकांना ते काल्पनिक वाटलं नाही.

इथं एक गोष्ट टिपून ठेवा. लॉकलंडमध्ये तपासणी नव्हती असं नाही. तपासनीस होते, फॉर्म होते, शिक्के होते. फक्त तपासणीचं काम माल अडवणं हे असतं, आणि तिथं ते माल पुढं ढकलणं हे झालं होतं.

१९८९, जुलै : मक्याच्या शेतातली डिस्क

१९ जुलै १९८९. युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं उड्डाण, डेन्व्हरहून शिकागोकडं. विमान डीसी-१०, आत २९६ माणसं. दुपारी शेपटीतल्या इंजिनाची मोठी टायटॅनियमची फॅन डिस्क हवेतच फुटली. तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा कापल्या. म्हणजे गाडीचं स्टिअरिंग, ब्रेक सगळं एकदम गेल्यासारखं. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा वेग कमीजास्त करत विमान आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. उतरताना ते कोसळलं, पेटलं. ११२ माणसं गेली, १८४ वाचली. विमानाची अवस्था बघता एवढी वाचली हाच चमत्कार मानतात.

फुटलेली डिस्क सापडत नव्हती. ऑक्टोबरमध्ये मक्याच्या काढणीच्या वेळी एका शेतात ती यंत्राला लागली. मग तपासाची चाकं फिरली.

कळलं ते असं. १९७१ च्या सुमाराला त्या टायटॅनियमचा गोळा वितळवताना एका बारीक जागी नायट्रोजन मिसळला होता. टायटॅनियम तापल्यावर हवेतला नायट्रोजन खातं, आणि मग तेवढा ठिपका काचेसारखा ठिसूळ होतो. त्याला 'हार्ड अल्फा' म्हणतात. जेमतेम धान्याच्या दाण्याएवढा दोष. त्या ठिपक्यापासून बारीक चीर सुरू झाली आणि प्रत्येक उड्डाणागणिक केसभर वाढत गेली. डिस्कची मंजूर मर्यादा १८,००० फेऱ्यांची होती. ती १५,५०३ व्या फेरीला फुटली.

आता खरी गोष्ट ऐका. ही डिस्क नवीन असताना अल्ट्रासॉनिक चाचणीतून गेली होती. विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एप्रिल १९८८ मध्ये तिची चमकत्या रंगद्रव्यानं तपासणी झाली होती. या पद्धतीत द्रव चिरेत शिरतो आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकतो. अपघात त्यानंतर ७६० फेऱ्यांनी झाला. तपासकर्त्यांनी हिशेब लावला, तेव्हा त्या तपासणीच्या दिवशी चीर जवळपास अर्धा इंच लांब होती. दिसायला हवी होती. दिसली नाही, किंवा बघितली गेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं अपघाताचं कारण देताना तपासणीतल्या मानवी मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता, असं म्हटलं. साध्या भाषेत, तोच तो भाग रोज तपासणाऱ्या माणसाचे डोळे 'काही नसणारच' म्हणून बघायला लागतात.

आणि कागद? नोंदी उकरल्या तर एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क निघाल्या. त्यातली एक चाचणीत नापास होऊन भंगारात गेल्याची नोंद होती. एक क्रमांक आणि दोन वस्तू. गावच्या तलाठ्याकडं एकाच गटाचे दोन सातबारे निघाल्यासारखं.

१९८९, सप्टेंबर : चार बोल्टांची किंमत

त्याच वर्षी, पन्नासेक दिवसांनी. ८ सप्टेंबर. नॉर्वेच्या पार्टनएअर कंपनीचं कॉन्व्हेअर ५८० जातीचं जुनं विमान ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालं. आत विल्हेल्मसेन या जहाज कंपनीचे कर्मचारी. नव्या जहाजाच्या समारंभाला निघालेली मंडळी. म्हणजे आपल्याकडं ऑफिसची सगळी माणसं एका बसनं लग्नाला निघतात तसं. डेन्मार्कच्या उत्तर टोकाजवळ हिर्टशाल्सच्या समोर, २२,००० फुटांवर विमानाची शेपूट निखळली. ५० प्रवासी आणि ५ कर्मचारी, सगळे ५५ गेले.

लगेच अफवा. बॉम्ब होता, क्षेपणास्त्र होतं. नॉर्वेच्या पंतप्रधान आधी याच विमानातून फिरल्या होत्या, म्हणजे घातपातच. त्या काळी व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, तरी अफवा आपल्या वेगानं फिरल्या.

नॉर्वेच्या तपास पथकानं समुद्राच्या तळातून विमानाचा बहुतेक सांगाडा वर काढला आणि हँगरमध्ये मांडला. स्फोटाच्या खुणा त्या कारणाकडं नेईनात. बोट अखेर बोल्टांवर गेलं. शेपटीचा उभा पंख धडाला जोडणारे बोल्ट आणि त्यांच्या स्लीव्ह. त्यातले काही बनावट होते. आकार बरोबर, आटे बरोबर, पण धातूला योग्य हीट ट्रीटमेंट दिलेली नव्हती. त्यामुळं ते मऊ होते, झिजले, पंख हलायला लागला, कंपनं वाढली आणि हवेतच शेपूट गेली.

हीट ट्रीटमेंट म्हणजे काय, हे आपल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कुणाला सांगायला नको. तोच बोल्ट, तोच धातू, पण भट्टीत किती तापवला आणि कशात थंड केला यावर त्याची ताकद ठरते. वरून बघून ब्रह्मदेवालाही कळत नाही.

मग यंत्रणा बदलली

एका उन्हाळ्यातल्या या दोन अपघातांनी विमान जगाला खडबडून जागं केलं. टायटॅनियम वितळवण्याच्या पद्धती सुधारल्या. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या टायटॅनियममधल्या दोषांची माहिती एकमेकांना द्यायला लागल्या. धंद्यात एकमेकांचे गळे धरणाऱ्यांनी या एका बाबतीत वह्या उघड्या केल्या, हे लहान नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत बनावट सुट्या भागांविरुद्ध मोठी मोहीम झाली, खटले झाले, माणसं तुरुंगात गेली. संशयित भाग सापडला तर कळवायचं कुठं, याची पद्धत बसली.

आज चुकीचा भाग सापडल्यावर काय होतं? भाग कुठल्या भट्टीतला, कुठल्या खेपेतला, कुठल्या विमानात गेला, हे नोंदींवरून शोधतात. मग त्या देशाचं विमान खातं, अमेरिकेत एफएए, आपल्याकडं डीजीसीए, विमान कंपन्यांना सक्तीचा आदेश काढतं. अमुक क्रमांकाची विमानं अमुक मुदतीत तपासा, भाग चुकीचा निघाला तर बदला. धातू ओळखायला हातात धरायचं एक्स-रे यंत्र असतं. दिसायला भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलसारखं. ते काही सेकंदांत धातूत काय मिसळलंय ते सांगतं. मामांच्या ठिणगीचा शिकलेला नातू म्हणा.

यात एक मेख आहे. मुदत. धोका तातडीचा असेल तर विमान लगेच जमिनीवर. नसेल तर महिने, कधी वर्षं दिली जातात. लोकांना हे चुकीचं वाटतं. पण विमानात एकाच भागावर सगळा भार नसतो. एक गेला तर दुसरा सांभाळेल अशी रचना असते. ही रचना आहे म्हणून आपण जिवंत उतरतो. आणि ही रचना आहे म्हणूनच फसवणूक वर्षानुवर्षं पचते, हेही तेवढंच खरं.

एकोणीस वर्षांची खोटी पेन्सिल

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सापा प्रोफाइल्स नावाच्या कंपनीचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना होता. माल दाबून त्याच्या लांब पट्ट्या काढायचा. प्रत्येक खेपेतला तुकडा ओढून तो किती ताणाला तुटतो हे बघायचं आणि आकडा लिहायचा. १९९६ ते २०१५, तब्बल १९ वर्षं, तिथं नापास आकडे खोडून पास आकडे लिहिले गेले. शेकडो ग्राहकांना हजारो खोटी सर्टिफिकेटं गेली. उत्पादनावर बोनस मिळायचा, हे त्यामागचं एक कारण अमेरिकी न्याय खात्यानंच सांगितलं.

हा माल अंतराळ संस्था नासापर्यंत पोचला. २४ फेब्रुवारी २००९ ला कार्बन डायऑक्साइड मोजणारा उपग्रह घेऊन टॉरस एक्सएल रॉकेट उडालं. रॉकेटच्या टोकावरचं टोपण ठरल्या वेळी दोन भागांत उघडून पडायला हवं होतं. पडलं नाही. जास्तीच्या वजनानं उपग्रह कक्षेत पोचलाच नाही. ४ मार्च २०११ ला ग्लोरी नावाचा दुसरा उपग्रह. तेच रॉकेट, तेच टोपण, तेच फळ. दोन्ही मिळून ७० कोटी डॉलरच्या वर नुकसान.

गंमत बघा. त्या टोपणाचा सांधा तुटण्यासाठीच बनवला होता. नेमक्या वेळी, नेमका तुटायला हवा होता. चुकीचा धातू म्हणजे नेहमी कमजोर धातू असं नाही. कागदावर जसा लिहिलाय तसा तो वागत नाही, हा त्याचा दोष.

२०१९ मध्ये नासानं हे सगळं जाहीर केलं. कंपनीनं ४ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं, आणि प्रयोगशाळेच्या पर्यवेक्षकाला तीन वर्षांची कैद झाली. २००९ ला रॉकेट पडलं आणि २०१९ ला कारण कळलं. तोवर तपास करणारे तज्ज्ञ रॉकेटच्या आराखड्यात चूक शोधत होते. कारण सर्टिफिकेट तर 'पास' होतं.

आणि आता ड्रीमलायनर

आता फॉरवर्डमधल्या खऱ्या अर्ध्या वाक्याकडं.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की बोइंग ७८७ च्या टायटॅनियमच्या काही भागांत ठरलेला धातू नाही. हे भाग म्हणजे जमिनीखालच्या तुळयांना धरणाऱ्या फिटिंग, स्पेसर, ब्रॅकेट, क्लिप असली बारकी मंडळी. ते इटलीतल्या ब्रिंदिसी शहरातल्या एका उपकंत्राटदारानं बनवले होते. तिथून ते लिओनार्दो या मोठ्या इटालियन कंपनीकडं जायचे आणि लिओनार्दोकडून विमानाच्या धडाचे भाग बोइंगकडं. तातडीचा धोका नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं.

ठरलेला धातू म्हणजे टायटॅनियममध्ये ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू. शुद्ध टायटॅनियम त्याच्या निम्म्याहूनही कमी ताण सोसतं, आणि स्वस्त पडतं. सोन्याच्या बाबतीत शुद्ध म्हणजे चांगलं, पण विमानाच्या बाबतीत शुद्ध म्हणजे मऊ. सोनाराला विचारा, २४ कॅरेटच्या बांगडीचं काय होतं ते तो सांगेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिंदिसीच्या सरकारी वकिलांनी प्राथमिक तपास संपवला. सात व्यक्ती आणि दोन कंपन्या त्यांच्या रडारवर. टायटॅनियमचे सुमारे ४,८०० आणि अ‍ॅल्युमिनियमचे अकराशेच्या वर भाग चुकीच्या धातूचे असल्याचा त्यांचा आरोप. काही भागांची ताकद ठरलेल्यापेक्षा बरीच कमी असल्यानं लांब मुदतीत सुरक्षेवर परिणाम होऊ शकतो, आणि त्यामुळं बोइंगला देखभालीची खास मोहीम हाती घ्यावी लागली, असं त्यांचं म्हणणं. हे आरोप आहेत, निकाल नाही. पत्रकार म्हणून हा फरक सांगणं माझं काम आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये आणखी एक प्रकरण निघालं होतं. चीनमधून आलेलं टायटॅनियम, त्याची कागदपत्रं बनावट, आणि ते तुर्कस्तान, इटली असं फिरत अमेरिकेतल्या स्पिरिट एरोसिस्टिम्सपर्यंत पोचलेलं. तिथून बोइंग आणि एअरबस या दोघांच्याही विमानांत. सापडलं कसं? एका इटालियन पुरवठादाराला माल नेहमीपेक्षा वेगळा दिसला. त्यात गंजानं पडलेली बारीक भोकं होती. स्पिरिटनं हजाराच्या वर चाचण्या केल्या आणि धातूची ताकद ठीक असल्याचं सांगितलं. म्हणजे इथं उलटं झालं. माल बऱ्यापैकी पास, कागद नापास. तरी ते गंभीरच. कारण कागद खोटा असेल तर माल चांगला निघणं हे नशीब, व्यवस्था नव्हे.

२०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या दलाल कंपनीचं प्रकरण पण असंच बाहेर आलं. पोर्तुगालच्या विमान कंपनीच्या दुरुस्ती विभागात कुणाच्या तरी लक्षात आलं की 'नवा' म्हणून आलेला भाग जुना दिसतोय. शोध घेतला तर जगभरातल्या शंभरच्या वर इंजिनांत त्या दलालाचे भाग निघाले.

आपल्याशी थेट जोडलेलं उदाहरण हवंय? २०२३ च्याच जुलैमध्ये प्रॅट अँड व्हिटनी कंपनीनं सांगितलं की २०१५ च्या शेवटापासून २०२१ पर्यंत वापरलेल्या धातूच्या पावडरीत दूषित कण होते, आणि त्या पावडरीपासून इंजिनांच्या डिस्क बनल्या. यात लबाडीचा आरोप नाही, कंपनीनं स्वतःच कबूल केलं. पण तपासणीसाठी शेकडो इंजिनं विमानावरून उतरवावी लागली. एकट्या इंडिगोची सत्तरच्या वर विमानं एका वेळी जमिनीवर उभी राहिली. पुण्या-नागपूरच्या प्रवाशांची उड्डाणं ज्या ताफ्यातून चालतात, त्याच ताफ्यातली. भट्टीतली चूक २०१५ ची, आणि विमान थांबलं २०२३-२४ ला.

हे सगळं वाचून मला काय दिसतं

एक. खोटेपणा फार वेळा मोठ्या कंपनीच्या दारात सुरू होत नाही. तो उपकंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराकडं सुरू होतो. सगळ्यात कमी दर देणारा, सगळ्यात कमी नजरेखालचा. पण दर पाडून पाडून त्याला त्या टोकाला नेलं कुणी, हा प्रश्न वरच्यांना विचारायला हवा.

दोन. पकडणारा बहुतेक वेळा यंत्रणेच्या वरच्या मजल्यावर नसतो. 'हे काहीतरी वेगळं दिसतंय' असं म्हणणारा कामगार, स्टोअरकीपर, मेकॅनिक असतो. त्याचं ऐकलं तर प्रकरण उघड होतं. त्याला गप्प बसवलं तर लॉकलंड होतं.

तीन. कागद मालाची जागा घेऊ शकत नाही. कागद तपासणं म्हणजे माल तपासणं नव्हे. मधेमधे, न सांगता, कुठलीही एक वस्तू उचलून ती स्वतः तपासावी लागते.

आणि चार. हे सगळं असूनही विमान हे आजही प्रवासाचं सगळ्यात सुरक्षित साधनांपैकी एक आहे. का? कारण तिथं चूक झाली की समुद्राच्या तळातून बोल्ट वर काढतात. अहवाल छापतात. चूक कुणाची ते लिहितात. मग नियम बदलतात.

आता आपल्या गावाचं.

आमची टाकी

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, खात्याचं आणि ठेकेदाराचंही नाही. पिण्याच्या पाण्याची उंच टाकी बांधली जात होती. काँक्रीटचे ठोकळे दाबून त्यांची ताकद बघतात, ती क्यूब टेस्ट. ती ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी होते. एका कार्यकर्त्यानं माहिती अधिकारात कागद काढले आणि माझ्याकडं आणून टाकले. मी दोन रात्री बसून तारखा जुळवल्या.

स्लॅब ओतल्याची तारीख एका कागदावर. २८ दिवसांच्या चाचणीचा अहवाल दुसऱ्या कागदावर. दोन्हींमध्ये अंतर १९ दिवसांचं.

२८ दिवसांची चाचणी १९ दिवसांत पास.

मी अधिकाऱ्यांना फोन केला. उत्तर आलं, "टायपिंग मिस्टेक आहे, दुरुस्त करून घेतो." चार दिवसांनी नवा अहवाल आला. तारीख बरोबर, आकडे तेच, सही तीच. मी बातमी दिली. आतल्या पानावर चार इंच लागली, त्यात 'तांत्रिक त्रुटी' असा शब्द होता. तो शब्द माझाच. जाहिरातीचा हंगाम होता, आणि मीही फार ताणलं नाही. टाकीचं उद्घाटन झालं, तेव्हा मी फोटो काढायला पहिल्या रांगेत होतो.

टाकी आजही उभी आहे. बहुतेक ती चांगलीच असेल. चाचणी न करता कागद रंगवला म्हणजे काँक्रीट वाईटच असतं असं नाही. पण तिच्या पायथ्याशी बालवाडी आहे, आणि 'बहुतेक' हा शब्द मला अलीकडं झोपू देत नाही. सापाच्या लॅबमधल्या माणसालाही १९ वर्षं 'बहुतेक' वाटलंच असणार. विमानात सेफ्टी मार्जिन असतं, तसं आमच्या टाकीतही असतं. त्या मार्जिनवरच आपल्या सगळ्यांच्या सह्या चालल्यात.

मामा आता नाहीत. असते तर एवढंच म्हणाले असते, "कागद वाचलास ते बरं केलंस. पण टाकीला हात लावून बघितलंस का?"

नाही लावला मामा. तेव्हा नाही लावला.

म्हणून या सोमवारी मी त्याच टाकीसाठी लेखी अर्ज देतोय. तयार काँक्रीटची ताकद नंतरही तपासता येते. बारीक गाभा काढून तो दाबून बघतात, किंवा पृष्ठभागावर हातोड्याच्या यंत्रानं अंदाज घेतात. ती चाचणी सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून, गावकऱ्यांसमोर व्हावी, एवढीच मागणी आहे. निकाल चांगला आला तर मी याच जागी मोठ्या अक्षरात लिहीन आणि माफी मागायची वेळ आली तर मागेन. वाईट आला तर काय करायचं, ते आपण सगळे मिळून ठरवू.

ज्यांना सह्या करायच्या आहेत त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता चावडीसमोर या. आणि ज्यांनी ते फॉरवर्ड पाठवलं होतं, त्यांना हात जोडून विनंती. इटलीतलं टायटॅनियम तपासायला तिथले वकील आहेत. आपल्या गावातल्या पुलाचा, शाळेच्या स्लॅबचा, जत्रेतल्या पाळण्याचा कागद मागायला मात्र आपल्याशिवाय कुणी नाही. कागद मागा, तारखा जुळवा. आणि मग माल पण बघा.